अल्ट्रावाइड ओलेड मॉनिटर घेताय? आधी खोलीतला उजेड बघा

वडोदऱ्याच्या वाडीतलं घर असो की नवा फ्लॅट, गेमिंगसाठी अल्ट्रावाइड ओलेड घेण्याआधी टेबलावर दुपारी किती उजेड पडतो ते बघा. ३४ इंचीत बहुतेक सॅमसंगचं क्यूडी-ओलेड पॅनल असतं. रंग झकास, पण उजेडात काळा रंग जांभळट-करडा दिसतो. एलजीच्या डब्ल्यूओलेडमध्ये तो बऱ्यापैकी काळाच राहतो.

मात्र ४५ इंचीत रिझोल्यूशन ३४४० × १४४० असेल तर इंचाला जेमतेम ८३ पिक्सेल मिळतात. ३४ इंचीत सुमारे ११०. गेमला चालून जातं, दिवसभर एक्सेल बघणाऱ्याला अक्षरं ओबडधोबड वाटतात. ५१२० × २१६० वाला ४५ इंची हा त्रास देत नाही, पण खिसा आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही दणकट हवं.

टास्कबारचा डाग पडद्यावर कायमचा बसू शकतो. वॉरंटीत ‘बर्न-इन’ धरलंय का, ते पैसे देण्याआधीच वाचा.