गंजिफा आणि टॅरो : एका कुळाच्या शाखा

उपनगरांतून सकाळी निघणाऱ्या लोकलच्या डब्यात, गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून पत्त्यांचा डाव मांडणारी मंडळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. त्याच उपनगरांत आता टॅरो नावाच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या पाट्याही दिसतात. एकाला आपण करमणूक म्हणतो, दुसऱ्याला गूढविद्या. इतिहास मात्र सांगतो की, दोन्ही एकाच कुळातले. आणि त्या कुळाची तिसरी शाखा आपल्या कोकणात, सावंतवाडीस आहे.

या कुळाचा पुरावा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. इजिप्तच्या मामलुक अमदानीतला एक जुना जोड 1931 साली तेथे अभ्यासकांच्या दृष्टीस पडला. तलवार, चौगानाची काठी, पेला आणि नाणे अशा त्याच्या चार जाती. प्रत्येकीत एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा पाने आणि वर राजा, नायब व दुय्यम नायब. एकूण 52! एका पानावर ‘कंजिफा’ हा शब्दही आढळतो. अशा पत्त्यांवरूनच 1370 नंतर युरोपने आपले पत्ते घेतले. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही ‘नाइपे’ म्हणतात, तो हाच ‘नायब’ होय.

पुढे 1440 च्या सुमारास उत्तर इटलीतील दरबारी मंडळींनी या जोडात भर घातली. प्रत्येक जातीत राणी आली, आणि 21 चित्रे व एक विदूषक असे 22 पत्ते वाढून जोड 78 पानांचा झाला. सम्राट, संन्यासी, चंद्र, सूर्य, मृत्यू ही ती चित्रे. आज ज्यांच्यापुढे माणसे श्वास रोखून बसतात, त्यांचे मूळ काम एवढेच होते की, इतर पाने मारावयाची. आपण ज्याला हुकूम म्हणतो, तेच हे. टॅरोचे पहिले नावही ‘विजय’ या अर्थाचेच होते.

मग भविष्य आले कोठून? 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने जाहीर केले की, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ आहे. इजिप्तची चित्रलिपी तोवर कोणासही वाचता येत नव्हती. शाँपोलियनने ती उलगडली 1822 मध्ये. म्हणजे पुराव्यावाचून केलेले हे विधान! तरी ते रुजले. त्यापूर्वी सुमारे तीनशे चाळीस वर्षे टॅरो हा मुख्यतः खेळच होता, हे मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने 1980 साली सविस्तर दाखवून दिले. फ्रान्स व ऑस्ट्रियात तो आजही खेळला जातो.

इकडे पूर्वेची शाखा निराळी वाढली. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफ्यात 8 जाती व 96 पाने. आपल्याकडे त्या जातींच्या जागी मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आले; प्रत्येकी राजा, प्रधान आणि दहा पाने मिळून 120 वाटोळी पाने झाली. राणी येथे नाहीच. राजा व प्रधान ही जोडी थेट त्या राजा-नायबाची भावकी. दिवसा डावाचा मान रामाचा, रात्री कृष्णाचा. देव पत्त्यावर आले, तरी ही पाने राहिली खेळाचीच.

आणखी एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. गंजिफ्यात हुकूम नाही. तिघे खेळले तर प्रत्येकाच्या हाती 40 पाने. कोणते गेले, कोणते उरले हे ध्यानात ठेवील तो जिंकेल. अर्ध्या जातींत दश्शा मोठा, अर्ध्यांत एक्का. येथे कस लागतो तो स्मरणशक्तीचा.

सावंतवाडीच्या चितारींची ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोपू पाहत होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती वाचविली. चित्रे वाचली; खेळणारे मात्र विरळ झाले. जोड आज भेट म्हणून विकत घेतला जातो आणि काचेच्या कपाटात जातो. खेळ कपाटात ठेवून जगत नाही. तो हातांतून हातांत जावा लागतो. आपल्या उपनगरांतली कित्येक घरे गणपतीला कोकणात जातात आणि तेथे जागरणाला पत्ते मांडतात. त्या रात्री घरच्या एखाद्या वृद्धाला गंजिफ्याचे नियम विचारावेत, ठाऊक असतील तर लिहून घ्यावेत, आणि एक डाव मांडावा. टॅरोवाल्याला आपले भविष्य विचारण्यापेक्षा या खेळाचे भविष्य आपल्या हाती आहे, हे अधिक खरे.