दुचाकीच्या इंजिनात कोणते ऑइल घालावे?

कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना मोटरसायकलच्या इंजिनाचा आवाज चढत जातो, मात्र गाडी वेग घेत नाही. अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेल्यास बहुधा क्लच प्लेटा बदलण्याचा सल्ला मिळतो. प्लेटा झिजलेल्या असतातही. पण खर्च करण्यापूर्वी मागील खेपेस इंजिनात कोणते ऑइल घातले होते, याची चौकशी करणे श्रेयस्कर. घरच्या मोटारीसाठी आणलेल्या डब्यातील उरलेले ऑइल दुचाकीत ओतले गेले असेल, तर दोष तेथेही असू शकतो.

मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांची वंगणे वेगवेगळी असतात व क्लच सहसा कोरडा असतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही कामे एकाच ऑइलवर चालतात. क्लच प्लेटा त्यात बुडालेल्याच असतात. इंधन वाचावे म्हणून मोटारीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायने मिसळतात. क्लचचे सारे काम घर्षणावरच चालत असल्याने प्लेटा घसरू लागतात. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत एक ऑइल पेट्रोलबरोबर जळत असे आणि गिअरसाठी दुसरे असे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आल्यानंतर फोर-स्ट्रोक इंजिने रुळली, तरी ‘कोणतेही ऑइल चालते’ ही समजूत पुरती गेलेली नाही.

यासाठी डब्यावर ‘जासो’ हे जपानी मानक पाहावे. १९९८ पासून त्यात एमए व एमबी असे वर्ग आहेत. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग झाले. ओल्या क्लचसाठी एमए, तर कोरडा क्लच असलेल्या गिअरविरहित स्कूटरसाठी एमबी, हा सर्वसाधारण नियम होय. अंतिम शब्द मात्र गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा. एपीआयची एसजे, एसएल, एसएन ही अक्षरे ऑइलची गुणवत्ता पातळी सांगतात. पुढचे अक्षर नव्या पातळीचे. परंतु केवळ त्यांवरून क्लचची खात्री देता येत नाही.

आता ग्रेड. ‘१०डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला असणाऱ्या दाटपणाचा निदर्शक आहे. नाशिकचा उन्हाळा चाळिशी गाठतो, म्हणून दाट ऑइल घालावे, असे सांगणारे भेटतात. हे आकडे हवेच्या नव्हे, तर तापलेल्या ऑइलच्या तापमानासाठी आहेत, हे ते विसरतात. उलट हिवाळ्यात निफाडकडे पारा काही वेळा ५ अंशांखाली उतरतो. अशा सकाळी अकारण दाट ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज त्या काही क्षणांत अधिक होते. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, तर अनेक पल्सर गाड्यांना २०डब्ल्यू-५० सुचवलेले आहे. इंजिनांची घडणच भिन्न असल्याने शेजाऱ्याच्या गाडीवरून आपला ग्रेड ठरवू नये. धूर टाकणाऱ्या जुन्या इंजिनात दाट ऑइल घातल्याने दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

सिंथेटिक की मिनरल, यावर बराच काथ्याकूट होतो. आमच्या मते, रोजच्या वापराच्या छोट्या गाडीला वेळेवर बदललेले योग्य मिनरल ऑइल पुरेसे आहे. अशा इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असते. त्यातील पाव लिटर घटले तरी फरक मोठा पडतो. गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करून डिपस्टिकने पातळी अधूनमधून तपासावी. घरापासून सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यापर्यंत चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापत नाही, पाण्याचा अंश व पेट्रोल ऑइलमध्ये साचते. म्हणून किलोमीटर भरले नसले तरी पुस्तिकेतील मुदतीनुसार ते बदलावे.

सुटे ऑइल टाळावे, सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा आणि रिकामा डबा नष्ट करावा. नकली माल भरण्यासाठी असे डबे वापरले जातात. घरीच ऑइल बदलत असाल, तर काढलेले काळे ऑइल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि शहरातील नासर्डीसारखे प्रवाह थेट गोदावरीलाच मिळतात. ते बाटलीत भरून, वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे.