बावीस पटींनी लहान : घरच्या लेथवरचं वाफेचं इंजिन

मागच्या वेळी आपण मोठ्या इंजिनांबद्दल बोललो. खाणींवरचे पंप, गिरण्या, आगगाड्या. आज एकदम लहान इंजिनांकडे यायचं आहे. घराच्या मागच्या खोलीत किंवा परसातल्या शेडमध्ये, पायाने चालवायच्या लेथवर, सुट्टीच्या दिवशी बसून लोकांनी केलेली वाफेची इंजिनं. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना सहसा जागा नसते, आणि मिळालीच तर 'छंद' म्हणून एखादी ओळ. पण या छंदाच्या पोटात एक खरा प्रश्न दडलेला होता. मोठं यंत्र सगळ्या मापांनी सारखं लहान केलं, तर ते तसंच चालतं का?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट भिडला तो जेम्स वॉटला. वॉटची किटलीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. ती आज बाजूला ठेवू, कारण खरी गोष्ट तिच्यापेक्षा जास्त रंगतदार आहे. वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं तयार करणारा कारागीर होता. प्राध्यापक नव्हे, कारागीर. विद्यापीठाकडे न्यूकमेनच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती होती, वर्गात दाखवण्यासाठी. सिलिंडर 2 इंच व्यासाचा. ती धड चालत नव्हती. लंडनला दुरुस्तीला पाठवून झाली होती. शेवटी 1763 मध्ये ती वॉटच्या टेबलावर आली. त्याने दुरुस्त केली, तरी इंजिन चार-दोन ठोके घ्यायचं आणि थांबायचं. बॉयलर प्रमाणात पुरेसा मोठा, पण वाफ पुरेना.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, खेळणंच ते, एवढं चालतंय हेच खूप. वॉट मोजायला बसला. एका ठोक्याला किती वाफ लागायला हवी आणि प्रत्यक्षात किती लागते? उत्तर आलं, कितीतरी पट जास्त. का, तर न्यूकमेनच्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्येच थंड पाण्याचा फवारा मारून आटवायची. म्हणजे दर ठोक्याला सिलिंडर तापवा, मग गार करा, पुन्हा तापवा. मोठ्या इंजिनातही हे होतच होतं, पण तिथे खाणीच्या तोंडाशी कोळशाचे ढीग पडलेले, कोण विचारतो? छोट्या प्रतिकृतीत मात्र ही उधळपट्टी इतकी वाढली की यंत्रच बंद पडलं. 1765 मध्ये ग्लासगोच्या मैदानावर फिरताना त्याला सुचलं की वाफ आटवायला वेगळं भांडं ठेवावं. प्रयोगासाठी सिलिंडर म्हणून त्याने काय वापरलं? एक मोठी पितळी पिचकारी! पेटंट 1769 चं. ती मूळ प्रतिकृती आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

म्हणजे बघा, लहान यंत्राने मोठ्या यंत्राचा दोष उघडा पाडला. असं का व्हावं, याचं गणित सोपं आहे. वस्तूची सगळी मापं निम्मी केली तर तिचा पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो, पण आतली जागा एक अष्टमांश. आत मावणारी वाफ आठ पटींनी कमी झाली, पण जिच्यातून उष्णता पळून जाते ती भिंत चारच पटींनी कमी झाली. लहान वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तोच हिशेब.

हे सूत्र लक्षात ठेवा, कारण आता आपण एकदम पुढे जाणार आहोत, 1898 मध्ये, लंडनला. मधल्या काळात छोटी इंजिनं पुष्कळ झाली. विल्यम मर्डॉकने 1784 च्या सुमारास रस्त्यावर धावणारी छोटी गाडी केली, रिचर्ड ट्रेव्हिथिकनेही मोठ्या गाडीआधी प्रतिकृती करून पाहिली. पुढे दुकानांतून पितळी खेळणी आली. ती जमिनीवर पाण्याची रेघ सोडत धावायची, त्यावरून लोकांनी त्यांना ठेवलेलं नाव इथे सांगत नाही! पण 1898 च्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल या माणसाने 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक काढलं, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये अशा हौशी लोकांची संस्थाही उभी राहिली. एकेकटे खटपट करणारे लोक आता एकमेकांना दिसू लागले. स्टुअर्ट टर्नर नावाच्या तंत्रज्ञाने स्वतःसाठी इंजिन केलं, त्याबद्दल छापून आलं, आणि लोक त्याच्याकडे कास्टिंग मागायला लागले. त्यातून कंपनी झाली. ओतीव सिलिंडर, बेडप्लेट, फ्लायव्हील आणि एक नकाशा टपालाने घरी यायचा. उरलेलं तुमचं तुम्ही करायचं.

उरलेलं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हे काम पोरखेळ वाटेल. ओतीव सिलिंडर खडबडीत येतो. तो लेथच्या फेसप्लेटवर बांधायचा, मध्य साधायचा, आणि बोअर अशी काढायची की या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यास सारखा राहिला पाहिजे. मग वाफेची वाट. सिलिंडरच्या बाजूला सपाट तोंड करायचं, त्यात अरुंद खाचा, आणि त्या खाचांवरून सरकणारा एक छोटा डबीसारखा व्हॉल्व्ह. तो खाचा कधी उघडतो आणि कधी बंद करतो, यावर सगळं अवलंबून. व्हॉल्व्ह वेळेत थोडा चुकला की इंजिन लंगडतं, आणि ते कानाला कळतं. पायाने पॅडल मारत एका हाताने टूल पुढे सरकवायचं. संध्याकाळी कामावरून आल्यावर. एका इंजिनाला वर्ष लागलं तर नवल नाही.

आता येतो वाद. या छंदातला सगळ्यात गाजलेला वाद रेल्वे इंजिनांवरून झाला. खऱ्या इंग्लिश रेल्वेच्या रुळांतलं अंतर 4 फूट 8½ इंच. हौशी लोकांचं एक आवडतं माप होतं 2½ इंच. आपली माथेरानची गाडी 2 फुटांच्या रुळांवर चालते, म्हणजे तिच्याही साधारण एक दशांश. प्रश्न असा की इतक्या लहान इंजिनात खऱ्यासारखा कोळशाचा विस्तव पेटवता येईल का? हेन्री ग्रीनली हा त्या काळातला मोठा आराखडाकार. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये तयार झालेला, बॅसेट-लोक या नॉर्दम्प्टनच्या प्रसिद्ध कंपनीसाठी आराखडे करणारा. त्याचं आणि एकूण व्यापाऱ्यांचं मत होतं की या मापाला स्पिरिटचा दिवा आणि साधा पाणनळ्यांचा बॉयलर हेच ठीक. समोर उभा राहिला एक माणूस जो लेखाखाली फक्त 'एलबीएससी' अशी सही करायचा. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेच्या नावाची ती आद्याक्षरं. नाव लॉरेन्स, लोक त्याला कर्ली म्हणत. त्याने त्या रेल्वेच्या लोकोशेडमध्ये काम केलेलं. ड्रॉइंग ऑफिस एका बाजूला आणि लोकोशेड दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. आपल्याकडे कारखान्यात काम केलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

गणित करून पाहू. 56½ भागिले 2½, म्हणजे 22.6. मोठं इंजिन 22.6 पटींनी लहान. मोठ्या बॉयलरमधली धुराची नळी 2 इंचांची असेल, तर लहान केल्यावर ती एक सूतसुद्धा उरत नाही. दोन दिवसांत काजळीने बुजणार. या बाबतीत शंका घेणारे बरोबरच होते. हुबेहूब लहान केलेला बॉयलर चालणारच नाही.

पण आता दुसरी बाजू बघा. वजन घनाने कमी होतं. 22.6 चा घन सुमारे 11,500. म्हणजे टेंडरसकट 100 टनांचं इंजिन हुबेहूब लहान केलं तर भरेल 9 किलोच्या आत. उलट, त्याच्यामागे बसलेला 70 किलोचा माणूस हा त्याच्या दृष्टीने 800 टनांची गाडी! ओढेल का? वाफेचा दाब मात्र आपण लहान करत नाही. पिस्टनवरचा जोर क्षेत्रफळाप्रमाणे कमी होतो, म्हणजे 500 पटींच्या आसपास, आणि वजन 11,500 पटींनी. तेवढाच दाब ठेवला तर वजनाच्या मानाने लहान इंजिन मोठ्यापेक्षा 22 पटींनी ताकदवान. चाकं घसरतील, पण जोर कमी पडणार नाही. लहानपणाने उष्णतेत जे हिरावून घेतलं, ते ताकदीत परत दिलं.

तेव्हा उपाय हा की बाहेरून इंजिन खऱ्यासारखं दिसू दे, आत मात्र त्याला त्याच्या आकाराचं अंतःकरण द्या. शेकडो केसासारख्या नळ्या नकोत. थोड्या नळ्या, पण तीन-साडेतीन सूत जाडीच्या, म्हणजे कोळशाचा जाळ मोकळा खेळेल. वाफ सिलिंडरमध्ये जाण्याआधी पुन्हा आगीवरून फिरवून कोरडी करा, नाहीतर थंड भिंतीला लागून ती पाणी होईल. वॉटचा जुना शत्रूच हा! वापरून झालेली वाफ धुराड्याखाली नेमक्या जागी फुंका, की ती आपोआप जाळ ओढेल. हे कर्लीला कुठल्या कोष्टकातून मिळालेलं नव्हतं. आग कशी श्वास घेते हे ज्याने पाहिलंय त्याचं ते ज्ञान.

1924 साली लंडनच्या मॉडेल इंजिनिअर प्रदर्शनात दोन्ही पक्षांची इंजिनं समोरासमोर आली. 'बॉयलरची लढाई' म्हणूनच ती ओळखली जाते. कर्लीच्या इंजिनाचं नाव 'आयेशा'. रूळ 2½ इंचांचे, इंधन कोळसा, आणि मागे मोठी माणसं बसलेली. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

यात ग्रीनलीला खलनायक करायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. त्याने पुढे इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च या 15 इंची रेल्वेची इंजिनं आखली. 1927 पासून ती लोकांना घेऊन धावतायत. त्याचं गिऱ्हाईक दिवाणखान्यात इंजिन चालवणारं होतं, तिथे कोळसा कोण पेटवू देणार? तो आराखडा विकत होता. कर्ली कसब वाटत होता, हा फरक.

आणि वाटलं कसं, ते महत्त्वाचं. पुढची कित्येक दशकं, मधे खंड पडले तरी जवळजवळ 1967 मध्ये मरेपर्यंत, तो त्याच मासिकात लिहीत राहिला. एका इंजिनाची लेखमाला महिनोन्महिने चालायची. आधी कोणता ड्रिल, मग कोणता टॅप, कुठे हात थरथरेल, तांब्याचा सांधा तापून कोणत्या रंगाला आला की चांदीचं सोल्डर धावतं, सगळं शेजारी बसून सांगितल्यासारखं. 'टिच' नावाचं चार चाकांचं त्याचं छोटं इंजिन नवशिक्यांसाठी होतं, आणि अजूनही लोक ते करतात. ज्यांनी कधी कारखान्याचं दार पाहिलं नव्हतं असे कारकून आणि शिक्षक बॉयलर करायला शिकले.

एक चिठ्ठी आली आहे. घरी केलेला बॉयलर फुटत नाही का? चांगला प्रश्न आहे. घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी साधारण 15 पौंड दाबाला होते. या इंजिनांत 80 पौंड हा नेहमीचा दाब, म्हणजे पाच पटींहून जास्त. तेव्हा धोका खरा आहे. म्हणून नव्या बॉयलरमध्ये आधी वाफ करतच नाहीत. तो गार पाण्याने काठोकाठ भरतात, आत हवेचा बुडबुडाही ठेवत नाहीत, आणि हातपंपाने दाब चढवत कामाच्या दाबाच्या दुपटीपर्यंत नेतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात शक्ती साठत नाही. सांधा कच्चा असलाच तर स्फोट होत नाही, पाण्याचा थेंब येतो, काटा खाली पडतो, आणि तो माणूस पुन्हा सोल्डर घेऊन बसतो. पुढची चिठ्ठी घेऊ.