खाटेवरचा आरोपी

स्वतःला इजा करून घेतलेला माणूस रुग्णालयात आला, की त्याच्या खाटेशी डॉक्टरांपाठोपाठ जबाब घेणारा पोलीसही येई. मुंबईत काय किंवा यंत्रमागांच्या इचलकरंजीत काय, कायदा एकच होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यासाठी एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकत असे. साहजिकच नातेवाईक 'अपघात' सांगत. जखम भरे, तिचे कारण केसपेपरावर येतच नसे.

मुंबईतील एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते पुन्हा वैध ठरवले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि त्याच्या उपचारांचे व पुनर्वसनाचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलम उरलेच नाही.

कलम गेले, तरी दीड शतकाची लपवण्याची सवय त्याबरोबर जात नाही. ती जायची, तर रुग्णाला 'असे का केलेस?' याआधी 'काय सोसत होतास?' हे विचारले जायला हवे.