मालवणचे चाचे, करवीरचे आरमार

कोल्हापूरला समुद्र नाही. गगनबावड्याचा घाट उतरल्याशिवाय खारा वारा लागत नाही. तरी अठराव्या शतकातल्या मुंबईकर इंग्रजांनी ज्या 'पायरेट' मंडळींच्या नावाने खडे फोडले, त्यांत करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींची माणसे होती. मालवण आणि सिंधुदुर्ग तेव्हा कोल्हापूरकडे होते. तिथल्या आरमारी लोकांना इंग्रज 'मालवन' म्हणत. गावाच्या नावाची त्यांनी लुटारूंची जातच करून टाकली.

आपला 'चाचा' हा शब्दही असाच घडलेला दिसतो. जुन्या लेखनात तो 'चांचा', गुजरातीत 'चांचियो'. सौराष्ट्रात जाफराबादजवळ चांच नावाचे ठिकाण आहे आणि तिथल्या दर्यावर्दींवरून हा शब्द आला, असे सांगतात. मला ते पटते. किनाऱ्यावरच्या लोकांना लुटारूपेक्षा त्याचे बंदर आधी ठाऊक असते. (हिंदीतल्या काकांशी त्याचे नाते नाही.) गंमत अशी, की हे जाफराबाद मराठ्यांच्या सागरी वैऱ्याचे, जंजिऱ्याच्या सिद्दीचे होते.

1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. पुढच्या वर्षी राणी जिजाबाईंच्या कोल्हापूर दरबाराकडून पैसे घेऊन तो परत केला. यालाच मराठीत 'खंडणी' म्हणतात. खंडणे म्हणजे रक्कम ठरवून तोडणे. बैल खंडून घेतात, तसा किल्ला खंडून मिळाला. कागदोपत्री मात्र चाचे मालवणचेच राहिले. अखेर 1812 च्या तहात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्र संपला.

लुटालूट झालीच नाही, असे कोणी म्हणू नये. पण परवाना नसलेले जहाज पोर्तुगिजांनी धरले तर तो 'कार्ताझ'चा कायदा आणि मराठी आरमाराच्या आंग्र्यांनी दस्तक नसलेले धरले तर ती चाचेगिरी, हा हिशेब एकतर्फीच होता. आजच्या सागरी कायद्याने यातून वाट काढली: लूट खासगी हेतूने असावी, खुल्या समुद्रात असावी आणि एका जहाजाने दुसऱ्यावर केलेली असावी. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत तेच कृत्य घडले, तर तो त्या देशाच्या हद्दीतला सशस्त्र दरोडा.

व्याख्या झाली, ओळखायचे कसे? तीनशे मीटर लांबीच्या मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात. बंदूकधारी पहारा ठेवावा, तर प्रत्येक बंदराचे हत्यारांचे नियम वेगळे. शिवाय चाच्याची होडी आणि मच्छीमाराची होडी एकच. जहाजावर चढायची शिडी दिसेपर्यंत फरक कळत नाही आणि शिडी दिसली की वेळ उरत नाही. 15 फेब्रुवारी 2012 रोजी केरळजवळ 'एनरिका लेक्सी' या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि दोन भारतीय मच्छीमार मेले. त्याआधी नोव्हेंबर 2008 मध्ये भारतीय नौदलाच्या 'आयएनएस तबर'ने एडनच्या आखातात चाच्यांची नौका बुडवली. आधी तिकडून मारा झाला, असे नौदलाने सांगितले. पण ती चाच्यांनीच पळवलेली मासेमारी नौका होती आणि तिच्यावर ओलीस खलाशी होते.

धरलेल्या चाच्यांचे करायचे काय, हाही प्रश्न आपल्याला बरीच वर्षे सुटला नव्हता. 1999 मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे पळवलेले जपानी जहाज आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने पाठलाग करून पकडले. मुंबईत खटला चालला, 2003 मध्ये शिक्षा झाली आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. दरोड्याची कलमे होती, पण ती रचली होती जमिनीवरच्या दरोड्यासाठी. 'ॲस्फाल्ट व्हेंचर' या पळवलेल्या जहाजाच्या वेळी तर सोमाली चाच्यांनी 2011 मध्ये खंडणी घेऊनही सात भारतीय खलाशी अडकवून ठेवले; भारताच्या तुरुंगातले आपले साथीदार सोडा, अशी मागणी केली. शेवटचे खलाशी 2014 मध्ये सुटले.

सागरी चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा संसदेने केला तो 2022 मध्ये. मार्च 2024 मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' या पळवलेल्या जहाजाला गाठले. सुमारे 40 तासांनी 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप सुटले आणि चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली करण्यात आले.