अर्धा तिसरा

माणूस परका आहे की दूरचा भाऊबंद, हे त्याच्या आकड्यांवरून पुष्कळदा कळते. उत्तर युरोपातील डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि आइसलंड या देशांच्या भाषा एकाच घरातल्या. स्वीडिश माणूस तिनाला 'त्रे', आठाला 'ओत्ता' आणि नवाला 'नीऊ' म्हणतो. शेजारी संस्कृतातले त्रि, अष्ट, नव ठेवले की नाते उघड होते. आम्ही पंडित नव्हे. आकड्यांशी आमची ओळख पगारपत्रकामुळे झाली. पण मोजणे आणि मोजून घेणे यांत माणसाची भाकर अडकलेली असते, म्हणून हा विषय आम्हांस जवळचा वाटतो.

डेन्मार्कमध्ये पन्नासाला 'हाल्ट्रेस' म्हणतात. 'अर्धा तिसरा वेळा वीस' अशा अर्थाच्या लांबलचक शब्दाचा हा उरलेला तुकडा. अर्धा तिसरा म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्यातला अर्धा. अर्थात अडीच विसा पन्नास. साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे 'अर्धा चौथा' विसा, ऐंशी म्हणजे चार विसा आणि नव्वद म्हणजे 'अर्धा पाचवा' विसा. शेजारचे स्वीडिश व नॉर्वेजियन लोक पाच दाहे, सहा दाहे असे सरळ मोजतात आणि डॅनिश आकड्यांची थट्टा करतात.

प्रथम आम्हीही हसलो. मग आपलाच 'अडीच' उलगडून पाहिला, तो 'अर्धतृतीय' निघाला! अशोकाच्या लघुशिलालेखात अडीच वर्षांसाठी जो शब्द आहे, तोही याच 'अर्ध्या तिसऱ्या'चा. ज्या औटकीने जुन्या शाळेत मुलांना रडविले, तिच्यातला औट म्हणजे 'अर्धचतुर्थ', साडेतीन. डॅनिश भाषेत दीडाला आजही 'अर्धा दुसरा' म्हणतात. विसाने मोजणारी आपली आजी आणि डॅनिश कोळीण एका बाजारात बसल्या असत्या, तर हिशेबाला दुभाषा फारसा लागला नसता.

आइसलंडच्या भाषेत एक ते चार हे आकडे लिंगाप्रमाणे बदलतात. दोन पुरुष 'त्वेइर', दोन स्त्रिया 'त्वाइर' आणि नपुंसकलिंगी वस्तू असल्यास 'त्वो'. पाचापासून हा भेद संपतो. संस्कृतातही त्रयः, तिस्रः, त्रीणि असा भेद चारापर्यंतच चालतो. आपणही दोघे-दोघी, चौघे-चौघी म्हणतो आणि पुढे 'पाच जण' म्हणून मोकळे होतो.

परंतु आकडा नेहमीच निरुपद्रवी नसतो. जुन्या नॉर्स भाषेतले 'हुंद्राद' म्हणजे शंभर नव्हे, एकशेवीस, बारा दाहे. आइसलंडमध्ये लोकरीच्या जाड्या कापडाचे एकशेवीस हात म्हणजे एक 'शेकडा', आणि एका गाईची किंमत तेवढीच धरीत. पुढे दहा दाह्यांचा शेकडा आला आणि 'लहान की मोठा' हे शब्दांत सांगावे लागू लागले. दोन शेकड्यांतला फरक वीस हातांचा. तेवढे कापड विणावयाला कोणाचे तरी हात राबत असत. करारातला शब्द नीट वाचा, असे आम्ही कामगारांना सांगतो, ते याचसाठी.

आता आकडे बदलण्याची गोष्ट. नॉर्वेत पूर्वी एकवीसाला 'एक आणि वीस' म्हणत. टेलिफोनवर क्रमांक सांगताना ऐकण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा दुसरा, यामुळे चुका होत. तेव्हा टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून संसदेने निर्णय केला आणि १ जुलै १९५१ पासून 'वीस-एक' ही मोजणी अधिकृत झाली. शाळेत, आकाशवाणीवर नवी मोजणी सुरू झाली. तरीही जुनी मोजणी आजतागायत कित्येकांच्या तोंडून गेलेली नाही. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा केवढे वादळ उठले! लेकराची अडचण खरी होती, आणि जिभेची सवयही खरी होती.

सोय पाहून आकडे बदलावेत, यास आमचा विरोध नाही. तथापि बदलताना जुने मोजणारा अडाणी होता, असे मात्र कोणी समजू नये. ज्याने 'अर्धा तिसरा' म्हटले, त्याने आपला हिशेब चोख ठेवला होता.