नौकेवरील कंपोस्ट शौचालय : रचना, जोडणी आणि निगा

मांडव्याच्या धक्क्यापासून हरिहरेश्वरापर्यंत रायगडचा किनारा बंदरांनी आणि खाड्यांनी गजबजलेला आहे. रेवस, करंजा, थळ, रेवदंडा, मुरूड, राजपुरी, दिघी, श्रीवर्धन येथून मासेमारी नौका समुद्रात जातात. मांडव्याच्या परिसरात हौशी नौकाविहाराच्या शिडाच्या नौकाही नांगरलेल्या दिसतात. या सर्व नौकांवर डिझेल, बर्फ, पिण्याचे पाणी व शिधा यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. मात्र नौकेवरील माणसांच्या शौचाची सोय बहुधा हिशेबाबाहेरच राहते. आठ-दहा दिवसांच्या फेरीत खलाशाला रात्री-अपरात्री, उसळत्या पाण्यात नौकेच्या कडेवर बसावे लागते. तोल गेला तर जिवाशी गाठ, हे प्रत्येक तांडेल जाणतो. स्त्रियांना तर अशा नौकेवर दीर्घ प्रवास जवळपास अशक्यच ठरतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. खोल समुद्रात टाकलेला मैला विरून जातो. पण खाडीत, बंदरात किंवा किनाऱ्यालगत टाकलेला तेथेच रेंगाळतो. कालवे आणि तिसऱ्या पाणी गाळून आपले अन्न मिळवतात. त्यामुळे दूषित पाण्यातील रोगजंतू त्यांच्या शरीरात साठतात आणि ते खाणाऱ्याच्या पोटात जातात. खाडीच्या चिखलात कालवे फोडून पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न आरोग्याइतकाच रोजगाराचाही आहे.

नियम काय सांगतात?

'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय करारातील सांडपाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट २००३ मध्ये अमलात आले. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी ४०० टनांहून मोठी किंवा १५ हून अधिक माणसांना नेणारी जहाजे त्याच्या कक्षेत येतात. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, जहाज चालू असतानाच सोडावा. बारीक करून निर्जंतुक केलेला मैला ३ मैलांपलीकडे सोडता येतो, असा त्याचा साधारण आशय आहे. मासेमारी नौका व छोट्या शिडाच्या नौका या नियमाच्या जाळ्यातून सुटतात. देशांतर्गत जलमार्गांसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात प्रदूषण रोखण्याच्या तरतुदी आहेत. छोट्या नौकेपुरते पाहिले तर मोठी मैलाटाकी बसवायला जागा नसते, आणि ती बसवली तरी बंदरात रिकामी करण्याची सोय सहसा नसते. कोरड्या शौचालयाचा पर्याय पुढे येतो तो येथे.

कल्पना जुनीच

मैल्याचे खत करण्याची कल्पना कोकणाला नवी नाही. 'कोकण गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीत १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन केला. त्यांच्या प्रयोगांतून दोन कप्प्यांचा 'गोपुरी संडास' प्रचारात आला. एक कप्पा वापरायचा, मैल्यावर माती व पालापाचोळा टाकत जायचे, आणि तो भरला की बंद करून दुसरा उघडायचा, अशी ही साधी पद्धत. स्वीडनमध्ये १९३९ साली रिकार्ड लिंडस्ट्रॉम यांनी बाल्टिक समुद्राकाठच्या आपल्या घरासाठी पाण्याविना चालणारे खत-शौचालय बांधले. केरळच्या मच्छीमार वस्त्यांत १९९० च्या दशकात पॉल कॅल्व्हर्ट यांनी बांधलेल्या शौचालयांत मैला, मूत्र आणि धुण्याचे पाणी यांसाठी तीन वेगळ्या वाटा होत्या. पाण्याने स्वच्छता करणाऱ्या आपल्या समाजाला ही तिसरी वाट फार महत्त्वाची आहे.

रचना व जोडणी

नौकेवरील शौचालयाचे तत्त्व एकच : मूत्र आणि मैला एकत्र होऊ द्यायचे नाहीत. दुर्गंधी मुख्यतः त्यांच्या मिश्रणातून उद्भवते. बैठकीच्या पुढील भागातून मूत्र वेगळ्या कॅनमध्ये उतरते. मागील भागातून मैला पिंपात पडतो. पिंपात आधीच ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेला असतो. बाहेरील दांड्याने मिश्रण ढवळले की हवा खेळती राहते.

जोडणीसाठी जून-जुलैमधील मासेमारी बंदीचा काळ सोयीचा, कारण तेव्हा नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जागा शक्यतो नौकेच्या मध्यरेषेवर आणि खालच्या बाजूस निवडावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. दांडा फिरवण्यास व पिंप बाहेर काढण्यास मोकळीक आहे ना, हे आधी मोजून पाहावे. बैठक समुद्री दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी फळ्यांना घट्ट आवळावी. नौकेच्या तळाला मात्र छिद्र पाडू नये. आधीचे पाण्याचे शौचालय काढले असेल तर त्याची तळाकडील छिद्रे कायमची बुजवावीत. पाणी आत शिरण्याच्या दोन वाटा कमी होणे, हा या बदलाचा आनुषंगिक लाभ.

सुमारे ५० मिलिमीटर व्यासाची वायुनलिका डेकपर्यंत न्यावी. तिचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी बसवावी. त्यामुळे लाटांचे तुषार व माश्या आत येत नाहीत. नलिकेतील १२ व्होल्टचा छोटा पंखा दिवसाकाठी साधारण दोन-अडीच अँपिअर-तास वीज घेतो. दहा-वीस वॅटचे सौर पॅनेल त्यास पुरते. कोकणच्या दमट हवेत हा पंखा अखंड चालू ठेवणे आवश्यक असते. धुण्याचे पाणी वेगळ्या भांड्यात जावे. खारे पाणी पिंपात कदापि पडू देऊ नये.

हिशेब आणि निगा

एक माणूस दिवसाला सुमारे दीड लिटर मूत्र आणि दीडशे ते अडीचशे ग्रॅम मैला विसर्जित करतो. आठ खलाशांच्या दहा दिवसांच्या फेरीत हा आकडा मूत्राचा १२० लिटर व मैल्याचा १६ किलोंच्या आसपास जातो. बाजारात मिळणारी छोटी यंत्रे साधारण साठ ते ऐंशी वापरांपर्यंत चालतात, म्हणजे अशा फेरीत पिंप शेवटी काठोकाठ भरेल. त्यामुळे दुसरे घट्ट झाकणाचे पिंप आणि मूत्राचे पुरेसे कॅन सोबत हवेतच. दोघा-तिघांच्या शिडाच्या नौकेला एक यंत्र पुरेसे ठरते. शेकडो प्रवाशांच्या फेरीबोटीला मात्र ही पद्धत उपयोगाची नाही.

नौकेवर खत पूर्ण होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तेथे मैला केवळ सुकतो. कुजणे किनाऱ्यावरच पूर्ण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्यासारख्या उष्ण हवेत सुकलेला मैला एक वर्षाहून अधिक काळ साठवावा. जंतांची अंडी दीर्घकाळ तग धरतात. त्यानंतर ते खत नारळी-पोफळीच्या बुंध्याशी घालता येते. भाजीपाल्याला ते घालू नये.

पिंप कोणी रिकामे करायचे?

या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न यंत्राचा नाही. भरलेले पिंप किनाऱ्यावर कोणी न्यायचे? पूर्ण न कुजलेला मैला दुसऱ्याला हाताने साफ करायला लावण्याची प्रथा २०१३ च्या कायद्याने निषिद्ध ठरवली आहे. बंदरावरच्या एखाद्या गरजूला चार पैसे देऊन हे काम त्याच्या गळ्यात घालणे म्हणजे शौचालय नवे आणि प्रथा जुनीच. अप्पासाहेबांनी सफाईचे काम स्वतः हाती घेतले, त्यामागील विचार हाच होता. नाखवा, तांडेल आणि खलाशी यांनी आळीपाळीने, हातमोजे घालून, बंद पिंप स्वतः हलवावे व खताची जागा आधीच ठरवावी. ज्या नौकेवर ही पाळी नारळी पौर्णिमेपूर्वी, हंगाम सुरू होण्याआधी ठरते, तेथेच हे शौचालय टिकते. अन्यथा पहिल्याच फेरीनंतर ते सामान ठेवण्याची पेटी होऊन बसते.